इंजिन बदलेपर्यंत

कडाव, तालुका कर्जत
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८१५

चिरंजीव सहदेव यास,

थोरल्या बहिणीचा, जयवंतेचा आशीर्वाद. सुंदरेला आणि मुलांनाही सांग. इकडे झोडणी आटपली, भात कणगीत गेलं. थंडी यंदा बरी आहे. तुझे मेहुणे, आमचे मास्तर, शाळेत गेलेत, घरात मी एकटी आहे, म्हणून आज बसून नीट लिहिते. पत्राच्या माथ्यावर श्री नाही. लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस.

तुझं कार्ड परवा आलं. तू काय लिहिलंस ते तुला आठवत नसेल, तुला कामं फार, म्हणून इथे उतरवून देते. "हिरामण नावाचा माझा विद्यार्थी तुम्हांस शाल देण्यास कर्जत स्टेशनात उतरला तो परत गाडीत चढला नाही. दुसऱ्या दिवशी बी. ए.च्या पेपरास गैरहजर. कॉलेजात आल्यावर कारण विचारले तर मान खाली घालून उभा राहतो. अशा बेजबाबदार मुलाची स्कॉलरशिप काढून घ्यावी असे मी प्रिन्सिपॉलसाहेबांस कळविणार आहे. तो तेथे कोठे गेला हे ठाऊक असल्यास लिहावे. बाबांस शाल पोचली काय? परत येताना स्टेशनात कोणी दिसले नाही. पोहेही नव्हते."

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. मास्तरांपुढे कार्ड टाकलं. ते वाचून म्हणाले, "अगं, आज नको लिहूस. आज लिहिलंस तर कागद पेटेल." म्हणून दोन दिवस थांबले. राग उतरेल म्हणत होते, तो कसला उतरतोय! सकाळी भाकरी थापताना परात आपटली तर शेजारची विमलबाई धावत आली, काय पडलं म्हणून.

साऱ्या कार्डात बाबांचं नाव एकदा आहे, सहदेव. तेही शालीच्या मागे. शाल पोचली काय, हे विचारायला तुला शाई होती. बाबा कसे आहेत, हे विचारायला नव्हती?

नसणारच. तुझ्या निबंधात त्याला जागा कुठे आहे? भाद्रपदात तू ते मासिक पाठवलं होतंस, सोबत चिठ्ठी की बाबांना वाचून दाखवावे. मास्तरांनी ओटीवर बसून सगळं वाचलं. प्राध्यापकाने आपल्या वेळेची विभागणी कशी करावी! एक भाग विद्यार्थ्यांचा, एक स्वतःच्या वाचनाचा, एक युनिव्हर्सिटीच्या परीक्षांचा आणि एक समाजाचा, म्हणजे तुझी ती व्याख्यानं. "प्राध्यापकाचा वेळ हा राष्ट्राचा ठेवा होय." वा रे वा! बाबा कानामागे हात धरून ऐकत होते. डोळ्यांना तर काही दिसत नव्हतंच. वाचून संपलं तसं त्यांनी विचारलं, "आनी मास्तर, आमचा वाटा कंच्या भागात हाय?" मास्तर बापडे पानं उलटसुलट करीत बसले. शेवटी म्हणाले, "पुढल्या अंकात येणार असेल." बाबा हसले. मी नाही हसले.

वाटणी तुला शिकवायला कॉलेज कशाला लागलं रे? खळ्यावरच वाढलास ना तू? बाबा भात मापताना पहिल्या मापाला कधी एक म्हणाले नाहीत, लाभ म्हणाले, आणि ते पहिलं माप गावदेवीचं. मग सुतार-लोहाराचं, मग दाराशी आलेल्याचं, आणि घरचं सगळ्यांत शेवटी. तूही तसंच केलंस असं तुला वाटत असेल, घरचं शेवटी ठेवलं म्हणून. पण बाबा शेवटचं ठेवायचे तेही भातच असायचं. तू आम्हाला खळं झाडून जे उरतं ते दिलंस, कोंडा आणि माती.

स्टेशनातल्या भेटीची रीत तूच घालून दिलीस. पुण्याहून परीक्षांसाठी मुंबईला जाताना गाडी कर्जतला थांबते, घाटाचं इंजिन सुटतं, सपाटीचं लागतं. तेवढ्यात भेटून घ्यावं, कडावला यायला सवड होत नाही, असं तू म्हणालास आणि बाबांनी ते देवाचं बोलणं असल्यासारखं धरलं. दर खेपेला बैल जुंपायचे, धुतलेलं पागोटं, नव्या भाताचे त्याच पहाटे कांडलेले पोहे. फलाटावर हमालापासून तिकीटबाबूपर्यंत सगळ्यांना सांगायचे, "माजा सहदेव साह्यबाच्या पोरांची परीक्षा घेतो." तू उतरायचास, पायाला हात लावायचास, पोहे आत ठेवायचास आणि घड्याळ काढायचास. सुकटीची पुडी मात्र एकदा परत दिलीस, डब्यात वास येतो म्हणून. अरे, त्याच सुकटीवर तुझी मॅट्रिक झाली! बाबा त्या सगळ्याला भेट म्हणायचे. मी म्हणायचे, इंजिन पाणी पितं तसा हा बापाला भेटतो. बाबा माझ्यावर डाफरायचे.

यंदा दिवाळीत बाबांना ताप आला तो हटेना. मी तुला लिहिलं, लक्षणं बरी नाहीत, एक रात्र घरी ये, एकच. तुझं उत्तर आलं, परीक्षा तोंडावर आहेत, अमुक दिवशी अमुक गाडीने जातो आहे, स्टेशनात भेटू. मास्तर म्हणाले, या अंगाने त्यांना नेणं बरं नव्हे. पण बाबा ऐकतात? अंगात ताप, पायात बळ नाही, तरी "जुंप गाडी" म्हणून बसले. गाडीत पेंढा घातला, वर घोंगडी, आणि नेलं. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. फलाटावर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले, बसायला तयार नाहीत. सहदेव बघील तर काळजी करील म्हणे.

गाडी आली. आता हे तू नीट वाच, कारण तुला हे ठाऊक नाही असं तू जगाला सांगू शकशील, मला नाही. मी तुला पाहिलं. सेकंड क्लासच्या खिडकीत तू बसला होतास, समोर टोपीवाला साहेब, दोघांच्या मध्ये कागद. मी हात वर केला. तू मान वर केलीस, मला पाहिलंस आणि एक बोट वर केलंस. वर्गात पोरं गलका करतात तेव्हा मास्तर करतात ना, तस्सं. थांबा! आणि पुन्हा कागदांत मान घातलीस. तुझा बाप तुझ्या डब्यापासून चार बैलगाड्यांच्या अंतरावर तापाने थरथरत उभा होता आणि तू त्याला बोट दाखवून गप्प बसवलंस.

मग मागच्या थर्ड क्लासातून तो मुलगा धावत आला. हातात शाल. म्हणाला, "सरांनी ही द्यायला सांगितली. ते साहेबांबरोबर परीक्षेचं बोलतायत, त्यांना उतरता येणार नाही." मी काही बोलायच्या आत बाबांना कोणी जवळ आल्याची चाहूल लागली आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्याचं तोंड चाचपलं. "आलास रं सहदेवा?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? तो वाकला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं त्याने.

"येळ हाय ना रं तुला?" बाबांनी विचारलं.

"आहे, बाबा. पाहिजे तेवढा आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

इंजिन लागलं, शिटी झाली. बाबांनी त्याचं मनगट धरलं होतं ते सोडेनात. मी म्हटलं, "जा रे बाबा, गाडी सुटतेय तुझी." त्याने मनगट सोडवायला नुसता हातही हलवला नाही. त्याची ट्रंक, त्याची पुस्तकं, सगळं त्या गाडीतून गेलं आणि तुझ्या डब्याची खिडकी आमच्या समोरून गेली तेव्हा तू वर बघितलं नाहीस. तर तुझा बेजबाबदार विद्यार्थी कुठे गेला ते हे असं आहे. तो आमच्या बैलगाडीत बसून कडावला आला.

वाटेत बाबा त्याचा हात मांडीवर घेऊन बसले होते. थंडी होती, तुझी शाल मी बाबांना पांघरवली तर त्यांनी ती काढून त्याच्या अंगावर टाकली. आणि मग मी पाहिलं, बाबा त्याचा डावा अंगठा चाचपत होते. पुन्हा पुन्हा, कडाव येईस्तोवर. लहानपणी भात कापताना विळा लागून तुझ्या अंगठ्यावर वण पडलाय ना, तो. हळद भरून फडकं बाबांनीच बांधलं होतं, तू किती बोंबलला होतास तेव्हा! आता तो वण तिथे नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "सहदेवा, हात लय गार पडलाय तुजा," आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळू लागले.

घरी आल्यावर पोराने पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले. खानदेशातला आहे तो. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, सर शिकवतात छान, फळ्यावर उदाहरण मांडलं की बघत राहावं असं. वाईट शब्द नाही. मीच खोदून विचारलं तेव्हा कळलं की अडलेलं विचारायला दोन-तीनदा तुझ्या दारी आला होता, आणि दर वेळी आतून निरोप आला की ही सरांची वाचनाची वेळ आहे. मग विद्यार्थ्यांचा भाग कोणाला दिलास तू? तुझ्या निबंधाप्रमाणे पहिला वाटा त्यांचा ना? का तोही मासिकातच राहिला? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना श्वास लागला. मी त्या मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझी परीक्षा आहे. आता कमळ्या तुला गाडीने स्टेशनावर सोडील. तू खूप केलंस." कमळ्या म्हणजे आपला चुलतभाऊच, बैल घेऊन दारात उभा होता. मुलगा म्हणाला, "आक्का, परीक्षा पुढल्या वर्षीही होते." आणि बाबांच्या उशाशी जाऊन बसला.

मी पाणी आणायला आत गेले. हंड्यावर वाकले होते तेव्हा ओटीवरचं बोलणं ऐकू आलं. बाबा हळू बोलत होते, पण त्यांचं हळू म्हणजे तुला ठाऊक आहेच.

"पोरा, नाव काय तुजं?"

"हिरामण."

"बाप हाय का?"

"नाही. मी लहान असतानाच गेले."

"मंग बस. पन मी तुला सहदेवच म्हननार. जयवंता लय रागीट हाय. मला कळलंय असं तिला समजलं ना, तर भावाला जलमभर सोडायची नाय ती."

मी तिथेच खाली बसले, सहदेव. तांब्या हातात तसाच. ते माझ्यासाठी नाटक करीत होते आणि मी त्यांच्यासाठी. आणि दोघं मिळून कोणाची अब्रू झाकत होतो? तुझी! एका बोटाने बापाला गप्प बसवणाऱ्याची! डोळे नसलेल्या, मरायला टेकलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी काळजी कसली, तर बहीण भावावर रागावेल याची.

बाहेर आले तेव्हा मी काही ऐकलं असं दाखवलं नाही. "सहदेवा, बाबांना पाणी पाज," म्हटलं. त्याने पाजलं. तेच शेवटचं. भर दुपारी, शाळा सुटायच्या आधी, बाबा गेले.

हो. गेले. महिना होऊन गेला.

म्हणून तू परत जाताना फलाटावर कोणी नव्हतं. गाडी कर्जतला उभी होती तेव्हा आम्ही बाराव्याचा स्वयंपाक करत होतो. पोहे कोण कांडणार होतं रे?

अग्नी कमळ्याने दिला. हिरामण तिरडीला खांदा देऊन नदीपर्यंत आला आणि दुसऱ्या सकाळी गेला. गाव विचारत होतं, सहदेवला कळवलं ना? मी सांगितलं, तार केली. खोटं सांगितलं. मास्तर तार करायला निघाले होते, पायांत वहाणा घातल्या होत्या त्यांनी. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला माझी शपथ आहे.

आईच्या वेळी तार केली होती ना तुला? आठवतं? सकाळी गेली ती. तू येशील म्हणून सांजवेळ होईस्तोवर आम्ही तिला अंगणात ठेवलं. बाबा वाटेकडे तोंड करून बसले होते, तेव्हा त्यांना दिसत होतं. बैलगाडीची धूळ दिसली की उठायचे. शेवटी तुझी तार आली, पेपर तपासणे अर्धवट, निघणे अशक्य, विधी उरकून घ्यावे. उरकून घ्यावे! बाबांनी ती तार पागोट्यात ठेवली, कोणाला दाखवली नाही. मी आईला ताटकळत ठेवलं, बाबांना ठेवणार नव्हते. तुझी परीक्षा चालू होती, तुझ्या विभागणीत मी हात घालायला नको, असंच समज. तुला यात माझा अपराध दिसत असेल तर दिसू दे. मास्तरांनाही दिसतो, ते अजून माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. मला पुन्हा तो दिवस दिला तर मी पुन्हा दारात आडवी उभी राहीन.

आता हिरामणाचं. तू विचारलंस तर तो मान खाली घालतो, कारण निघताना मला म्हणाला, "आक्का, हे सरांना घरच्यांनीच सांगायला हवं, मी सांगितलं तर तो त्यांचा अपमान होईल." तुझा अपमान होऊ नये म्हणून तो वर्ष घालवून बसलाय, आणि तू त्याची स्कॉलरशिप काढायला निघालास. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. तू स्वतः प्रिन्सिपॉलसाहेबांकडे जा. चिठ्ठी धाडू नकोस, शिपाई धाडू नकोस, स्वतः जा. सांग, हा मुलगा माझ्या जागी माझ्या बापाजवळ बसला होता म्हणून गैरहजर राहिला. हेच शब्द, साहेबाला कळतील अशा इंग्रजीत. प्रिन्सिपॉलसाहेबांना पत्र गेलं असेल तर ते परत माग. आणि पुढल्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत तो तुझ्या दारी शंका घेऊन आला, तर वेळ कोणतीही असो, दार उघडायचं. नाही केलंस, तर हीच हकिकत मास्तरांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेईन आणि ज्या मासिकात तुझा निबंध आला त्याच मासिकाला पाठवीन. मी पाठवीन हे तुला पक्कं ठाऊक आहे. शाल हिरामणाकडे आहे, ती मागू नकोस.

बाबा तुझ्यावर रागावले नव्हते. शेवटपर्यंत नाही. ते त्यांनी मला सांगितलं नाही तरी मी ऐकलंय, आणि तुझ्यापासून लपवणार नाही. पण राग वाया जाऊ देणारी मी नव्हे. त्यांच्या वाटणीचा राग मी उचललाय, माझ्या वाटणीचा होताच, आणि आईचाही शिल्लक होता.

मास्तर म्हणतात, मुलाला सुतक ऐकल्या दिवसापासून लागतं, महिन्याने ऐकलं तरी पुरते दहा दिवस. तेव्हा आधी कॉलेजात जाऊन हिरामणाचं काम कर, लांबूनच बोल, आणि तिथून तडक इकडे निघ. दहा दिवस वर्ग नाही, वाचन नाही, पेपर नाही, व्याख्यान नाही. या वेळी बोट वर करून थांब म्हणायची सोय नाही. कर्जतला इंजिन बदलेल, सुटेल आणि गाडी निघून जाईल, तू फलाटावर राहशील. कमळ्या बैल घेऊन येईल. मी येणार नाही. मी घरी असेन. ओटीवर बाबांची घोंगडी अजून तशीच आहे, तिच्यावर येऊन बस. मी बोलेन की नाही ते आज सांगता येत नाही.

वाईट बातमीच्या पत्रावर श्री घालत नाहीत, म्हणून घातली नाही. कोपराही फाडून पाठवतात. तो मी मुद्दाम फाडला नाही. फाडला असता तर पाकीट उघडल्याबरोबर तू काय ते समजला असतास आणि बाकीचं न वाचता आंघोळीला गेला असतास, आणि मला हे सगळं तुझ्याकडून एकेक ओळ वाचून घ्यायचं होतं.

आता वाचलंस. कोपरा तूच फाड. आणि ऊठ, अंगावर पाणी घे.

बाबांची लेक,
जयवंता